क्रूस कोणाच्या खांद्यावर?

आंबेजोगाईला दासोपंतांची समाधी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर वेदान्तातील पंचीकरण लिहून काढणारा हा दत्तभक्त सोळाव्या शतकातला. त्यांच्या चरित्रातील एक कथा बीड जिल्ह्यात आजही कीर्तनकार सांगतात. दासोपंतांचे वडील दिगंबरपंत नारायणपेठचे देशपांडे, बिदरच्या दरबाराचे वसुली अधिकारी. दुष्काळात सारा भरला गेला नाही, तेव्हा दरबाराने त्यांच्या कोवळ्या मुलाला ओलीस ठेवून घेतले आणि बजावले, एका महिन्यात रक्कम आली नाही तर मुलाला मुसलमान करण्यात येईल. मुदतीच्या अखेरीस ‘दत्ताजी पाडेवार’ असे नाव सांगणारा एक माणूस आला, त्याने पै न् पै भरली आणि मुलगा सुटला. तो माणूस कोण होता, हे भाविकांना सांगावे लागत नाही.

कथेतला चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. तिच्यातला व्यवहार मात्र सर्वांना कळेल असा आहे. थकलेल्या साऱ्याच्या बदल्यात एका मुलाचा धर्म मागितला गेला. धर्म ही जणू वसूल करण्याची वस्तू होती! त्याच मुलाने पुढे घरदार सोडले, बारा वर्षे तप केले, गुरूसाठी वणवण केली आणि आयुष्य एका दैवताच्या पायी वाहिले. तेही मोल मोजणेच होते. पण ते त्याने स्वतः मोजले, स्वतःच्या खांद्यावर घेऊन मोजले. एकीकडे वसुली, दुसरीकडे शिष्यत्व. या दोहोंतील अंतर लक्षात ठेवले की महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मांतराचा दोनशे वर्षांचा इतिहास वेगळ्या उजेडात दिसू लागतो.

शिष्यत्व हा शब्द बीडला नवा नाही. पाटोदा तालुक्यातील चिंचोलीच्या गडावर गहिनीनाथांचे स्थान आहे. गहिनीनाथांचे शिष्य निवृत्तिनाथ, निवृत्तिनाथांचे ज्ञानदेव. आंबेजोगाईच्याच डोंगरकपारीत मुकुंदराज विसावले आहेत. बीडला लागून असलेल्या श्रीगोंद्यात शेख महंमद झाले, चांद बोधल्यांचे शिष्य. जन्माने मुसलमान असलेल्या या संताला वारकऱ्यांनी आपल्या मांदियाळीत बसविले. त्यांचे नाव बदलण्याची कोणाला गरज वाटली नाही, आणि त्यांचा ‘योगसंग्राम’ वाचताना कोणी त्यांची जमात विचारली नाही. गुरू करावा, त्याच्या मार्गाने चालावे, त्यासाठी देह झिजवावा. मात्र त्यासाठी आपल्या आईबापांना, गावाला आणि पूर्वजांना परके म्हणावे, अशी अट या परंपरेने कधी घातली नाही.

ख्रिस्ताची मागणी काय होती, हेही तटस्थपणे पाहिले पाहिजे. शुभवर्तमाने वाचणाऱ्या कोणाही हिंदूला एक गोष्ट चटकन जाणवते. हा गुरू शिष्य गोळा करण्याच्या घाईत नाही. माझ्यामागे यायचे तर आधी स्वतःला नाकारा आणि आपला क्रूस उचला, असे तो सांगतो. बुरूज बांधणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशोब करतो, तसा हिशोब करा, असे बजावतो. एक श्रीमंत तरुण त्याच्याकडे येतो. सर्वस्व विकून गरिबांना दे, असे ऐकताच खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याला थांबवीत नाही, मागणी निम्म्यावर आणीत नाही. आणि एक अनुयायी मिळविण्यासाठी समुद्र व भूमी पालथी घालणाऱ्या परूशांवर तर त्याने असे कोरडे ओढले आहेत, की ते वचन मिशनच्या कचेऱ्यांत भिंतीवर का टांगलेले नसते, याचे उत्तर आपोआप मिळते. सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करा, ही अखेरची आज्ञा मिशनरी नेहमी पुढे करतात. ठीक आहे. पण त्या आज्ञेत शिष्य करावयास सांगितले आहे, वहीत नावे चढविण्यास नव्हे.

विसाव्या शतकात हीच गोष्ट एका जर्मन पाद्र्याने आपल्या चर्चला सुनावली. डीट्रिश बोनहॉफर हे त्याचे नाव. १९३७ साली त्याने शिष्यत्वावर जो ग्रंथ लिहिला, त्यात स्वस्त झालेल्या कृपेवर घणाघात आहे. पश्चात्तापावाचून मिळणारी क्षमा, शिस्तीवाचून मिळणारा बाप्तिस्मा, क्रूसावाचून मिळणारा ख्रिस्त, हे सारे चर्चने बाजारभावाने विकावयास काढले, असा त्याचा आरोप होता. हिटलरला जर्मन चर्चचा मोठा भाग शरण गेला, तेव्हा हा माणूस गेला नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिले गेले. हाच बोनहॉफर भारतात येऊन गांधीजींजवळ राहण्यास उत्सुक होता, गांधीजींनी १९३४ साली त्याला बोलावलेही होते. ते येणे घडले नाही. ज्या देशात युरोपचे पाद्री शिकविण्यासाठी येत होते, त्या देशाकडे त्याची दृष्टी शिकण्यासाठी वळली होती.

शिष्यत्वाची अशी किंमत महाराष्ट्रात ज्यांनी मोजली, त्यांत नारायण वामन टिळकांचे नाव सर्वांत आधी घेतले पाहिजे. हिंदुत्वनिष्ठ वाचकाला हे नाव घेताना संकोच वाटण्याचे कारण नाही. ‘केवढे हे क्रौर्य’ आणि ‘वनवासी फूल’ लिहिणारा हा कवी मराठी शाळांतील पिढ्यान् पिढ्यांच्या ओठांवर राहिला आहे.

१८६१ साली कोकणात करजगावी चित्पावन घराण्यात त्यांचा जन्म झाला. धर्मसुधारणेची आच, जातिभेदाविषयी चीड आणि मनाची विलक्षण अस्वस्थता, या तिन्ही गोष्टी त्यांच्यात लहानपणापासून होत्या. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ‘ऋषी’ हे मासिक चालविले. पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. त्याने नवा करार हाती ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोणी भाकरी दाखविली नव्हती, कोणी धाक घातला नव्हता. उलट होते ते सारे गेले. नातलग तुटले, पत्नी दुरावली, कोवळा मुलगा दत्तू आईजवळ राहिला. लक्ष्मीबाईंची सुमारे पाच वर्षे पतीवाचून, नातलगांच्या आधाराने गेली. त्या काळच्या ब्राह्मण घरातील स्त्रीच्या बाबतीत याचा अर्थ काय होता, तो ‘स्मृतिचित्रे’ वाचल्याखेरीज कळणार नाही. शिष्यत्व पत्करले पतीने; त्याची किंमत भरली पत्नीने, ही गोष्ट टिळकांच्या चाहत्यांनाही विसरता येऊ नये.

पुढे त्या नगरला आल्या. आल्या त्याही सोवळे पाळून, वेगळा स्वयंपाक करून राहिल्या. पतीने बळजोरी केली नाही. जातीचे बंधन त्यांच्या मनातून हळूहळू, त्यांच्याच विचाराने गळून पडले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एखाद्या माणसाचे मत पालटावयास पाच वर्षे लागतात, हा या घराने दिलेला पाठ आहे. एका सभेत, एका प्रार्थनेत, एका तापाच्या गोळीत ज्यांना मतपरिवर्तन घडवून दाखवायचे असते, त्यांनी तो अवश्य गिरवावा.

ख्रिस्ती झाल्यावर टिळकांनी आपले नाव बदलले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या अर्थाचे ते उघड बोलत. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली, ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ रचावयास घेतले. ते अपुरे राहिले आणि उरलेल्या अध्यायांचा मोठा भार लक्ष्मीबाईंनी उचलून तडीस नेला. परक्या चालीवर बसविलेल्या भाषांतरित गीतांनी मराठी मन हलत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले, वाढले, कविता लिहू लागले. आणि ते त्या घरातून हिंदूच बाहेर पडले. अशा घराला कोण नावे ठेवील?

धर्मांतर म्हणजे राष्ट्रांतर, असे एक सूत्र हिंदुत्वाच्या विचारविश्वात रूढ आहे. टिळकांचे उदाहरण देऊन ते खोडून काढण्याचा प्रयत्न पुष्कळदा होतो. ख्रिस्ती होऊनही टिळक कडवे देशभक्त राहिले नाहीत का? राहिले, निःसंशय राहिले. पण त्यासाठी त्यांना कोणाशी झगडावे लागले, हे सांगताना मात्र ही मंडळी घसा खाकरून विषय बदलतात. ज्या अमेरिकन मिशनमध्ये त्यांनी वीस वर्षे सेवा केली, त्याच मिशनच्या चौकटीत त्यांचा श्वास कोंडला. परकीय पैसा, परकीय मालक, परकीय रीतीभाती आणि वेतनावर जगणारा देशी उपदेशक, ही व्यवस्था ख्रिस्ताची नव्हे, असे त्यांचे ठाम मत झाले. १९१७ साली ते मिशनच्या बंधनातून बाहेर पडले, संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहू लागले आणि ‘देवाचा दरबार’ मांडण्यास निघाले. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य भाऊभाऊ म्हणून असावेत, अशी ती कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचा अंत झाला आणि दरबार मुळे धरण्याआधीच मोडला.

या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. महाराष्ट्रातील सर्वश्रेष्ठ ख्रिस्ती कवीने, बावीस वर्षे तो धर्म जगल्यानंतर, शिष्यत्व आणि बाप्तिस्म्याची नोंदवही यांची फारकत केली. ख्रिस्त हवा; त्यासाठी मिशन नको, आपल्या समाजातून उठणे नको. हिंदू समाजातील विचारवंत याहून वेगळे काय सांगत आले आहेत? ख्रिस्ताच्या पर्वतावरील प्रवचनाशी हिंदूचे भांडण कधीच नव्हते. भांडण आहे ते मोजदादीशी.

टिळकांच्या आधी पंडिता रमाबाईंनाही हाच अनुभव आला होता. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या मठवासिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला आहे. तो प्रत्येकाने वाचावा. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, कोरायचीच तर संस्कृत का नकोत, असे ही विदुषी विचारते. आपला शाकाहार सोडावयास नकार देते. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणा बिशपाच्या हवाली केलेली नाही, असे बजावते. समोरून मात्र तिला नम्रतेचे धडे दिले जातात. ख्रिस्तासाठी सर्वस्व सोडून आलेल्या बाईने ताटातले अन्न आणि गळ्यातल्या क्रूसावरची लिपीसुद्धा आपल्या मताने ठरवू नये, हा कुठला शिष्यधर्म? पुढे शारदा सदनातील मुलींच्या प्रश्नावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठले. रानडे, भांडारकरांसारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळ सोडले. त्या वादात रमाबाईंची बाजू सर्वस्वी निर्दोष नव्हती. परंतु विधवांना थारा देणारे घर त्या काळच्या पुण्यात आधी कोणी उघडले, या प्रश्नाने सनातनी पुण्याचीही मान खालीच जाते.

ही झाली दोन उत्तुंग माणसे. मिशनचा मोठा व्यवहार अशा माणसांवर चालत नव्हता. तो चालला दुष्काळांवर. १८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९००, या दुष्काळांनी दख्खन उजाड केली. अनाथ झालेली मुले मिशनच्या आश्रमांत गेली आणि ख्रिस्ती म्हणून वाढली. त्यांचे प्राण वाचले, हे खरे. ज्यांनी वाचविले त्यांना दुवा द्यावा, हेही खरे. पण दहा वर्षांच्या उपाशी पोराने कोणता बुरूज बांधण्याचा हिशोब केला होता? त्याने कोणता क्रूस उचलला होता? तेलुगू मुलखात ओंगोल येथे बाप्टिस्ट मिशनरी क्लाऊ याने दुष्काळी मदत चालू असेतो बाप्तिस्मे थांबविले होते. धान्यासाठी कोणी ख्रिस्ती होऊ नये, हा त्याचा हेतू प्रामाणिक म्हणावा लागेल. मात्र पुढे ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी तेथे २,२२२ माणसांना बाप्तिस्मा देण्यात आला आणि त्या आकड्याचा डंका ख्रिस्ती जगात वाजला. येशूने तीन वर्षे फिरून बारा शिष्य केले, त्यातलाही एक फितूर निघाला. ओंगोलला एका दिवसात दोन हजार! शिष्य इतके स्वस्त झाले, तेव्हा बोनहॉफरचा जन्मही झालेला नव्हता.

निजामाच्या राज्यात, बीडच्या शेजारी जालन्याजवळ, नारायण शेषाद्री या बाटलेल्या ब्राह्मणाने ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली. वसाहतीसाठी निजामी राज्यात जमीन मिळाली. मराठवाड्याच्या मातीवर गाव वसले आणि त्याचे नाव आले पॅलेस्टाइनमधून. गहिनीनाथांचा गड, मन्मथस्वामींची कपिलधार, परळीचा वैजनाथ, या नावांच्या शेजारी ते नाव आजही परके वाटते. नाव बदलणे ही किरकोळ बाब नसते. ज्याला आपल्या गावाचे नावही ठेवता येत नाही, त्याने क्रूस उचलला, की त्याच्या पाठीवर कोणी दुसऱ्यानेच ओझे ठेवले?

या साऱ्या किमतीच्या बदल्यात नवख्रिस्त्यांना काय मिळाले? समता मिळेल, असे सांगितले गेले होते. महार-मांग वस्त्यांतून जे गेले ते मुख्यतः याच आशेने गेले, आणि त्या आशेला नावे ठेवण्याचा अधिकार ज्यांनी त्यांना पाणवठ्यावरून हाकलले त्यांना नाही. पण चर्चमध्ये जात गेली का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाचा कठोर अभ्यास केला होता. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची जात चर्चने मोडली नाही आणि त्याच्यासाठी लढाही उभारला नाही, हा त्यांचा निष्कर्ष त्यांच्या लेखनात नमूद आहे. १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केल्यावर सर्व धर्मांचे प्रचारक त्यांच्या दाराशी आले. एकवीस वर्षे विचार करून ते बुद्धाला शरण गेले, याच भूमीतल्या गुरूला. आणि डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे आपले धोरण जाहीर करताना चर्चमध्येही अस्पृश्यता पाळली जाते, हे स्वतः मान्य केले. हा प्रामाणिकपणा स्तुत्य आहे. फक्त तो शंभर वर्षे आधी, बाप्तिस्मा देण्यापूर्वी दाखविला असता, तर घेणाऱ्याला हिशोब करता आला असता.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. मध्य प्रदेश शासनाने नेमलेल्या न्या. भवानीशंकर नियोगी समितीने १९५६ साली दिलेल्या अहवालात प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतरांची विस्तृत नोंद केली. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की राज्यघटनेने धर्माचा प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नव्हे. माणसाने आपल्या विवेकाने धर्म बदलावा, याला कोणाची हरकत असू शकत नाही. टिळकांना हरकत घेणारा कायदा निघाला, तर तो चुकीचाच ठरेल.

आणि हरकत हाणामारीने घेणाऱ्यांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन कोवळ्या मुलांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. त्या कृत्याला कोणत्याही धर्मात स्थान नाही, हिंदू धर्मात तर नाहीच नाही. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्या पुढेही काही वर्षे कुष्ठरोग्यांची सेवा करीत येथेच राहिल्या. त्या बाईने क्रूस उचलला होता, हे ज्याला दिसत नाही त्याने टिळकांविषयी, रमाबाईंविषयी बोलू नये.

असाच न मोजलेल्या सेवेचा एक नमुना बीडच्या सीमेला लागून आहे. आष्टी-पाटोद्याला खेटून असलेल्या जामखेडमध्ये १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातल्याच, बहुधा निरक्षर, कित्येकदा दलित असलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. ज्यांची सावली चालत नव्हती त्यांच्या हातून सवर्णांच्या घरची बाळंतपणे होऊ लागली. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा ताळेबंद बालमृत्यू किती घटले, विहिरी किती खुल्या झाल्या, असा मांडला जाई. प्रत्येक चर्चने असा ताळेबंद मांडला, तर या लेखाचे कारणच उरणार नाही.

आता दुसरी बाजू, जी अधिक बोचरी आहे. १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा परत दिला. इंग्रजांच्या कोर्टाने दिलेला मुलगा आपल्या जातबांधवांनी मात्र घेतला नाही! मिशनऱ्यांच्या पंक्तीला जेवला, म्हणून तो कायमचा बाटला, असा निर्णय विद्वानांनी दिला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीसाठी उभे राहिले, शास्त्राधार काढले, प्रायश्चित्ताची व्यवस्था केली, आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष व बहिष्कार त्यांनी सोसला. १८४६ साली ते ऐन तारुण्यात वारले. मिशनऱ्यांनी दार उघडे ठेवले होते, हा त्यांचा दोष मानायचा. मग हिंदूंनी आपले दार आतून कडी लावून बंद ठेवले होते, त्याला काय म्हणायचे? दासोपंतांसाठी निदान दत्ताजी पाडेवार आले. श्रीपतच्या वेळी पाडेवार आला, तर त्यालाच पंक्तीतून उठविण्यात आले.

ही गोष्ट जुनी झाली, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊस तोडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत आजारपण, बाळंतपण, मुलांची शाळा, काही नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड. या बायकांच्या गर्भाशये काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली शासनाने समिती नेमली, आणि एकट्या बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा कोणा मिशनच्या अहवालातला नव्हे. गर्भाशये ज्यांची गेली त्या बहुसंख्य हिंदू आहेत. उचल देणारे, शस्त्रक्रिया करणारे, कारखाने चालविणारेही बहुतांश हिंदूच आहेत.

अशा कोपीत उद्या कोणी औषध घेऊन, पोरांसाठी वह्या घेऊन, दोन शब्द मायेचे घेऊन शिरला आणि जाताना एक पुस्तक ठेवून गेला, तर त्याच्या नावाने ओरडण्याआधी त्या कोपीत आपल्यापैकी आधी कोण गेले होते, याची चौकशी करावी लागेल. रामानंद तीर्थांनी १९३२ साली भगवे घेतले, आंबेजोगाईत मुलांना शिकविले आणि निजामाच्या तुरुंगात वर्षे काढली. त्यांच्या शिष्यांनी मराठवाडा मुक्त केला. त्या भगव्याचे वारस म्हणविणाऱ्यांचे गड आज बीड जिल्ह्यात डोंगरोडोंगरी आहेत, सप्ताहांना लाखोंची गर्दी लोटते, पंक्ती उठतात.

त्या पंक्तीत जेवलेली माणसे पुढच्याच पंधरवड्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेली दिसतात. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळी, तान्हे मूल आणि देव्हाऱ्यातला एक टाक फडक्यात गुंडाळून घेतलेला. मागे वाडीत म्हातारी माणसे उरतात आणि ज्यांची हंगामी वसतिगृहात सोय झाली ती काही पोरे. उरलेली पोरे फडात.